ऑटोमॅटिक गोदामाची शैक्षणिक भेट कशी आखावी

स्वयंचलित गोदाम मुलांना दाखवायचं तर मुंबई-ठाणेकरांना भिवंडी जवळ, पुणेकरांना चाकण-तळेगाव. २०१७ मध्ये जीएसटी आला, निव्वळ करासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याचं कारण उरलं नाही, आणि मोठ्या एकत्रित गोदामांत यंत्रं बसवणं परवडू लागलं. पण शेड मोठी म्हणून आत रोबो असतीलच असं नाही. कित्येक ठिकाणी अजून फोर्कलिफ्ट, हातगाडी आणि हमाल यांच्यावरच काम चालतं. तेव्हा अर्ज करण्याआधी फोनवर थेट विचारा: कन्व्हेयर (माल पुढे नेणारा सरकता पट्टा) आहे का, सॉर्टर (खोकी ठिकाणानुसार वेगळी करणारं यंत्र) आहे का, रॅकमध्ये माल माणूस ठेवतो की यंत्र?

१. परवानगी आणि तारीख

कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या, सोबत नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडा. महिनाअखेर आणि दसरा-दिवाळीच्या आधीचे आठवडे टाळा. त्या दिवसांत मॅनेजरला मान वर करायला फुरसत नसते. माल उतरणं आणि रवाना होणं दोन्ही दिसेल अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवा. पंधराएक जणांचे गट करा. आत आवाज इतका असतो की मागच्यांना काही ऐकू जात नाही.

२. जाण्याआधी एक तास वर्गात

मुलांना आधी ही नावं समजावून सांगा. नेमलेल्या वाटेवर, पट्टीच्या किंवा खुणेच्या आधाराने चालकाविना गाडी चालते ती एजीव्ही. नकाशा ओळखून अडथळ्याला वळसा घालते ती एएमआर. उंच रॅकांच्या मधल्या गल्लीत क्रेन माल ठेवते-काढते ती एएसआरएस. आणि या सगळ्यांना कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे डब्ल्यूएमएस. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलर मोजून किवा सिस्टिम्स ही कंपनी घेतली. तिची युक्ती अशी, की माणसाने रॅककडे जायचं नाही, रोबोने अख्खा रॅक उचलून माणसाकडे आणायचा.

३. कपडे

बंद बूट हवेत. केस बांधलेले, ओढणी किंवा स्टोल नको, कन्व्हेयरमध्ये अडकतं. मोबाइल बहुधा गेटवरच जमा होतो, म्हणून वही-पेन न्या आणि मनगटी घड्याळही.

४. आत गेल्यावर एका खोक्याचा पाठलाग करा

ही भेटीतली मुख्य गोष्ट. रोबो बघत उभं राहिलं की तास कुठे गेला कळत नाही आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक गटाला एक खोका नेमून द्या.

सुरुवात डॉकवर, म्हणजे ट्रक येऊन लागतात त्या फलाटावर. ट्रकमधून सुटी खोकी उतरवण्याचं काम अजून बऱ्याचदा हातानेच होतं, तेव्हा हे कामगार कोणाचे हेही विचारा. महाराष्ट्रात हमाल आणि ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि वाणिज्यच्या मुलांना तो पुस्तकाबाहेर इथेच भेटू शकतो. पुढे स्कॅनिंग, मग जागा. किराणा दुकानात साबण साबणाजवळ असतो. इथे एकच वस्तू मुद्दाम चार ठिकाणी विखुरलेली दिसू शकते. कुठे काय आहे ते संगणकाला ठाऊक असतं आणि ऑर्डर आली की सर्वांत सोयीच्या जागेवरून माल निघतो.

सॉर्टरपाशी मात्र थांबाच. बारकोड चुरगळलेला असतो, किंवा त्यावर चकचकीत टेप चिकटवलेली असते, आणि स्कॅनरला तो वाचता येत नाही. असा खोका बाजूच्या रिजेक्ट लेनमध्ये ढकलला जातो. तिथे हातात स्कॅनर घेऊन एक माणूस उभा असतो. तो खोका फिरवून बघतो, नंबर हाताने टाकतो किंवा नवं लेबल लावून परत पट्ट्यावर सोडतो. हजारात किती खोकी इथे येतात, कोणत्या कारणाने सर्वाधिक, ही लेन भरली तर काय होतं, हे त्यालाच विचारा. मॅनेजरच्या प्रेझेंटेशनमध्ये हे सहसा नसतं.

निघण्यापूर्वी आणखी दोन प्रश्न: सर्व्हर बंद पडला तर माल कसा काढता? आणि यंत्रं आल्यावर आधीचे कामगार आता काय करतात? दुसरा प्रश्न जरा बेतानेच विचारावा.

५. अहवाल

परतीच्या बसमध्येच कच्चा लिहून काढा. खोक्याचा मार्ग काढून प्रत्येक टप्प्यावर तो किती वेळ चालला आणि किती वेळ नुसता पडून होता, ते मांडा. पडून राहण्याचा वेळ बघून मुलं चकित होतात. अहवालाची एक प्रत गोदामाच्या मॅनेजरला पाठवा, पुढच्या वर्षीची परवानगी सोपी जाते.