बुद्धिबळाच्या इंजिनाची नवी आवृत्ती रेटिंग यादीत घेण्याआधी

नवी फाइल उतरवण्याआधी जुनीची सोय लावा. आवृत्तीच्या आकड्यासह तिला स्वतंत्र फोल्डर द्या, आणि त्या फाइलीला पुन्हा हात लावू नका. मी एकदा घाईत जुन्या फाइलीवरच नवी टाकली. नाव तेच राहिल्यामुळे पीजीएनमध्ये (डाव नोंदवण्याच्या फाइलीत) चारशे डाव एकाच खेळाडूच्या नावावर जमा झाले. त्यातले कोणते कुणाचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि सगळेच फेकावे लागले. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक आवृत्ती हा वेगळा खेळाडू.

मग ओळख पटवा. टर्मिनलमध्ये इंजिन उघडून ‘यूसीआय’ (uci) ही आज्ञा टाइप केली की ते आपलं नाव सांगतं. यादीत तेच नाव घ्या. स्टॉकफिशसारख्या इंजिनात ‘बेंच’ (bench) ही अंगभूत चाचणीही चालवा. शेवटी येणारा एकूण नोड्सचा (तपासलेल्या स्थितींचा) आकडा एका आवृत्तीसाठी कोणत्याही मशिनवर तोच यायला हवा. निराळा आला तर बिल्ड (इंजिनाची तयार केलेली फाइल) किंवा नेटवर्क (स्थिती जोखणारं न्यूरल नेटवर्क) चुकलंय. सेकंदाचे नोड्स मात्र मशिनप्रमाणे बदलणारच, शिवाय एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या वेगवान सूचना वापरणारी) बिल्ड जुन्या साध्या बिल्डपेक्षा वेगवान असते. म्हणून जुन्या-नव्याला एकाच जातीची बिल्ड द्या. लीला या दुसऱ्या इंजिनाचं नेटवर्क वेगळ्या फाइलीत असतं, त्यामुळे तिच्या नावापुढे नेटवर्कचंही नाव हवं.

हॅश (तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी), थ्रेड्स (एकाच वेळी चालणारे धागे), टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींची तयार उत्तरं), पाँडर (प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं) बंद, हे नेहमीचंच. पण जुनी सेटिंग्ज डोळे मिटून चिकटवू नका, पर्याय काढले जातात: स्टॉकफिशमध्ये कन्टेम्प्ट (बरोबरी टाळण्याचा कल ठरवणारा पर्याय) आता नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे इंजिन स्थितीला देतं त्या गुणांची पट्टी. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा अर्थ ठरला आणि त्याच स्थितीत दिसणारे आकडे लहान झाले. तुम्ही गुण पाहून डाव मध्येच बरोबरीत सोडवत असाल, तर जुन्या मर्यादेवर तो आता लवकर सुटेल. मर्यादा नव्याने बसवा, नाहीतर हा पर्याय बंदच करा.

प्रतिस्पर्धी वेगवेगळे घ्या. फक्त जुन्या भावंडाशी खेळवलं तर फरक फुगून दिसतो. प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी खेळवा. डावांची संख्या आधीच ठरवा. एसपीआरटी (पुरेसा पुरावा जमताच थांबवणारी सांख्यिकी चाचणी) लावलेली नसेल तर आकडा छान दिसला म्हणून मध्येच थांबू नका. निम्मे डाव बरोबरीत गेले तर १००० डावांनंतरही ९५ टक्के खात्रीची चुकीची मर्यादा साधारण ±१५ एलो (ताकदीचे रेटिंग गुण) असते, १०० डावांत तर ±४८. एवढ्यावर ‘नवी ८ एलोने सरस’ म्हणणं हास्यास्पद आहे.

यादीचा पाया म्हणून ज्या इंजिनाचं रेटिंग बांधून ठेवलंय, ते कधीही अपडेट करू नका. दर आठवड्याच्या डेव्हलपमेंट बिल्डही मी घेत नाही. त्यांच्यात जीव गुंतवला तर रांग कधी संपतच नाही.

पहिल्या वीस डावांनंतर थांबून पीजीएनमध्ये वेळ संपून हरलेले किंवा इंजिन बंद पडून संपलेले डाव शोधा. एखादा जरी सापडला, तर पुढचे ९८० तसेच सुरू ठेवू नका.