पाण्यात शाई सोडताना या चुका टाळा

पाण्यात उतरणाऱ्या रंगीत शाईचे चित्र बिघडले की बहुतेक जण शाईला किंवा कॅमेऱ्याला दोष देतात; खरी चूक मात्र बहुधा पाण्यात झालेली असते. शाईचा थेंब पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे खाली जाऊ लागतो, त्याचे वलय होते, ते वलय ठिकठिकाणी फाटून बारीक फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी पुन्हा एक लहान वलय तयार होते. हा सारा खेळ घनतेतल्या जेमतेम फरकावर चालतो. निव्वळ विसरणाने, म्हणजे स्थिर पाण्यात आपोआप पसरत जाऊन, रंग एक सेंटीमीटर सरकायलाही कित्येक तास लागतात. म्हणूनच नुकत्याच भरलेल्या टाकीत शाई सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण ओतलेल्या पाण्यातले भोवरे डोळ्यांना दिसत नसले तरी ते थेंबाला ओढून नेतात आणि फांद्या फुटण्याआधीच गढूळ ढग पसरतो.

पाणी निदान अर्धा तास तरी निवांत राहू द्यावे आणि ते खोलीच्याच तापमानाचे असावे. काचेला बुडबुडे चिकटत असतील तर ती पाण्यात विरघळलेली हवा असते. उकळून गार केलेले पाणी वापरल्यास हा त्रास बराच कमी होतो.

शाई पृष्ठभागावरच पसरत असेल, तर तिच्यात अल्कोहोल असण्याची शक्यता आहे. थोडे ग्लिसरीन मिसळले की ती खाली उतरते. उलट ती झपाट्याने तळ गाठत असेल, तर पाण्यात आधीच थोडे मीठ पूर्ण विरघळवून घ्यावे आणि ड्रॉपरचे टोक पाण्याला टेकवूनच थेंब सोडावा.

निळा आणि नारिंगी किंवा लाल आणि हिरवा असे परस्परविरोधी रंग मिसळले की मळकट तपकिरी छटा उरते. निळ्यासोबत किरमिजी घेतल्यास जिथे दोन्ही मिळतात तिथे सुंदर जांभळा उमटतो, आणि माझ्या मते तिसऱ्या रंगाची गरजच पडत नाही.

समोरून मारलेला फ्लॅश काचेवर चमकतो, म्हणून प्रकाश मागून, पांढऱ्या अर्धपारदर्शक कागदातून यावा. ऑटोफोकसला स्वच्छ पाण्यात पकडायला काहीच सापडत नाही. थेंब जिथे पडणार तिथे पट्टी उभी धरून फोकस हाताने ठरवावा, पण हे पाणी स्थिरावण्यापूर्वीच उरकावे, नाहीतर पट्टी काढताना ते पुन्हा ढवळले जाते.

प्रत्येक प्रयोगानंतर पाणी पूर्ण बदलावे आणि टाकी धुताना साबणाचा अंशही मागे राहू देऊ नये.