रस्त्यावर दुर्बीण मांडताना: येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश कसं दाखवावं

पहिल्यांदाच शनी बघणारी माणसं हमखास एक गोष्ट करतात. आयपीसवरून (डोळा लावायच्या भिंगावरून) डोळा काढतात, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन आत डोकावतात आणि विचारतात, "आत चित्र चिकटवलंय का हो?" कडी इतकी रेखीव दिसतात की शंका यावी यात नवल नाही. अशा वेळी मी काही समजावत बसत नाही. "दुर्बिणीला हात न लावता पुन्हा बघा, आणि बघतच राहा," एवढंच म्हणतो. शनी हळूहळू एका कडेला सरकतो, अर्धा होतो, दिसेनासा होतो. चिकटवलेलं चित्र सरकत नाही. मग सांगतो की सरकतोय तो शनी नव्हे, तुम्ही-आम्ही उभे आहोत ती जमीन फिरतेय. त्यानंतर माणूस काही क्षण गप्प होतो. त्या गप्प होण्यासाठीच ही सगळी तयारी करायची असते.

ज्याच्याकडे साधी का होईना दुर्बीण आहे त्याने हे एकदा करून बघावं.

दुर्बीण कोणती

घरात आहे ती. 70-80 मिलिमीटर भिंगाच्या लहान दुर्बिणीतूनही चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र आणि शनीची कडी दिसतात. फक्त ती डगमगणारी नको. लोक आयपीसला धरतात, लहान मुलं नळीला लोंबकळतात, आणि कचकड्याच्या ट्रायपॉडवरची दुर्बीण दर वेळी लक्ष्यावरून हलली की तुमची संध्याकाळ ती परत लावण्यातच जाते.

रस्त्यासाठी मला सर्वांत सोयीची वाटते ती डॉब्सोनियन. लाकडी खोक्यात बसवलेली आरशाची दुर्बीण, हाताने ढकलायची, वीज नको, जोडाजोडी नको. तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते जॉन डॉब्सन (1915-2014) हे रस्त्यावरच्या आकाशदर्शनाचे खरे प्रवर्तक. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीचे ते दोन दशकांहून अधिक काळ संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड वापरून दुर्बिणी उभ्या करायच्या आणि त्या पदपथावर नेऊन वाटसरूंना चंद्र दाखवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. 1967 साली मठ सुटला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याभोवती पदपथावर दुर्बीण मांडणाऱ्यांचा गट तयार झाला. दुर्बीण किती मोठी आहे यापेक्षा तिच्यातून किती जणांनी पाहिलं ते महत्त्वाचं, असं ते मानत. ते मला पूर्ण पटतं.

काय दाखवायचं, आणि कधी

एका संध्याकाळी एकच गोष्ट दाखवा, फार तर दोन. दर पाच मिनिटांनी लक्ष्य बदललं की रांगेतला माणूस उभ्या उभ्या कंटाळतो, आणि आधी बघून गेलेल्याने पुढच्याला "अरे, बघच" म्हणून सांगावं तर तोवर दुर्बीण भलतीकडे वळलेली असते.

पहिल्या खेपेला चंद्रच घ्या. पण पौर्णिमेचा नको. तेव्हा सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नसतात, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं दिसतं. शुद्ध पंचमी ते दशमीच्या दरम्यानचा चंद्र निवडा. सूर्यास्ताच्या सुमारास तो चांगला वर आलेला असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. नवमी-दशमीला त्या सीमारेषेजवळ कोपर्निकस विवर येतं. त्याचा व्यास 93 किलोमीटर. एका कडेवर ऊन, तळाशी काळोख आणि मधल्या शिखरांच्या टोकांवर उजेडाचे ठिपके, असा देखावा असला की कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही.

चंद्र नसेल तर गुरू किंवा शनी. दोघेही रस्त्यावरच्या दिव्यांना दाद देत नाहीत, भर वस्तीतही झकास दिसतात. गुरूची गंमत त्याच्या चार चंद्रांत आहे. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने जे ठिपके पाहिले तेच हे. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी मारतो, त्यामुळे सातला बघून गेलेला माणूस नऊला परत आला तर बऱ्याचदा ठिपक्यांची मांडणी बदललेली दिसते. शनीची कडी 2025 साली पृथ्वीवरून धारेवर आली होती, अगदी रेघेसारखी. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि 2032 च्या आसपास सर्वाधिक पसरलेली दिसतील.

ग्रह नसतील तेव्हा सप्तर्षींतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी दाखवा. नुसत्या डोळ्यांनी दोन तारे दिसतात, दुर्बिणीतून मात्र वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो. दाखवण्याआधी हे सांगू नका. "किती दिसतात?" एवढंच विचारा.

तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) दिव्यांखाली दाखवायच्या फंदात पडू नका. आपल्या सरावलेल्या डोळ्याला जो धूसर डाग दिसतो तो नवख्या माणसाला दिसत नाही, आणि आपल्यालाच दिसलं नाही म्हणून तो ओशाळून निघून जातो. त्या गोष्टी काळोख्या माळावर.

जागा

लोक आपोआप रेंगाळतात अशी जागा हवी: बागेचं दार, पाण्याकाठचा कट्टा, रुंद पदपथाचा कोपरा. अगदी अंधारी जागा नको. अनोळखी माणसाजवळ अंधारात जायला लोक कचरतात, आणि ते बरोबरच आहे. दिवा थेट आयपीसवर येणार नाही एवढंच पाहा. खाजगी आवार असेल तर आधी विचारून घ्या, सार्वजनिक जागेचे नियम असतील तर ते पाळा, आणि रांग वाहनांच्या रस्त्यावर उतरणार नाही अशा बेताने दुर्बीण ठेवा. ट्रायपॉडच्या पायांना चमकणारी पट्टी चिकटवा. लक्ष्य एखाद्या छपराच्या किंवा दिवसभर तापलेल्या भिंतीच्या अगदी वर असेल तर तिथून उठणाऱ्या गरम हवेने चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. चार पावलं सरकून बघा, फरक पडतो.

आरशाची दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आरसा हवेइतका थंड होतो. मात्र सूर्य पूर्ण मावळेपर्यंत झाकण काढायचं नाही, फाइंडरचंसुद्धा (नळीवरची, लक्ष्य शोधायची छोटी दुर्बीण). कुतूहलाने एखादं पोर नळी फिरवतं आणि सूर्य क्षणभर जरी दुर्बिणीत आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. यात सूट नाही. हिरवा लेसरही गर्दीत वापरू नका. तो कुणाच्या डोळ्यात जाऊ शकतो, विमानाच्या वैमानिकाला दिपवू शकतो. दिशा दाखवायला आपलं बोट पुरतं.

आयपीसचं गणित

दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून चित्र उमटतं तिथवरचं अंतर) भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे किती पट मोठं दिसणार. 1200 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 25 चा आयपीस लावला तर 48 पट, 10 चा लावला तर 120 पट. आता पृथ्वी फिरतेय हे लक्षात घ्या. साध्या आयपीसने 48 पटीला जेवढा आकाशाचा तुकडा दिसतो तो ग्रह साधारण चार मिनिटांत ओलांडतो. 120 पटीला हाताशी असतात सुमारे 100 सेकंद. म्हणून चंद्रासाठी 25 चाच ठेवा, तो त्यात अख्खा मावतो. ग्रहांसाठी मोठी पट लागते. तेव्हा ग्रह मध्यभागी न ठेवता, जिथून तो दृष्टीत शिरतो त्या कडेला लावा. मग दोन-तीन जण बघेपर्यंत तो आत राहतो. तिघांनंतर स्वतः एकदा बघून नीट लावायचं, ही सवयच करून घ्या.

आणखी एक. 10 मिलिमीटरच्या साध्या आयपीसला डोळा फार जवळ न्यावा लागतो, चष्मेवाल्यांचे हाल होतात. डोळा थोडा लांब ठेवूनही दिसेल असा एखादा आयपीस मिळवता आला तर लोकांसाठी तोच वापरा.

डोळा लावण्याचा क्षण

सगळं इथे ठरतं, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात.

नवख्या माणसाला आयपीसमध्ये कुठे बघायचं हेच कळत नाही. तो डोळा काचेवर दाबतो, नळीला घट्ट धरतो, त्याला काळं दिसतं, आणि मागे रांग आहे म्हणून "हां, दिसलं" म्हणून बाजूला होतो. त्याला तसं जाऊ देऊ नका. मी असं सांगतो: "काका, हात पाठीमागे घ्या. आता वीतभर लांबूनच या छोट्या काचेकडे बघा. तिथे उजेडाचा एक ठिपका दिसतोय? त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू जवळ या. दुसरा डोळा मिटायला त्रास होत असेल तर तळहाताने झाका." वीतभरावरून बोटभरावर येता येता तो ठिपका एकदम मोठा होतो आणि त्यात चंद्र उमटतो. त्या वेळी माणसाचा श्वास थांबलेला ऐकू येतो.

चष्मा जवळचा-लांबचा असेल तर काढून, फोकसचं चाक फिरवून बघता येतं. चाक कुठलं ते दाखवा आणि त्यांनाच फिरवू द्या. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवलेलाच बरा.

आता खरंच दिसलं का, हे परीक्षा घेतल्यासारखं न वाटता कसं कळणार? गुरू लावला असेल तर त्याचे चंद्र मोजायला सांगा. "आजी, त्या मोठ्या गोळ्याच्या डावीकडे किती ठिपके आहेत, उजवीकडे किती?" एकीकडे तीन, दुसरीकडे एक असं उत्तर आलं की झालं. गोंधळ दिसला तर "थांबा, ग्रह सरकला असेल" म्हणायचं, स्वतः बघून लावायचं आणि त्यांना पुन्हा बोलवायचं. चूक दुर्बिणीची आहे असं वाटलं की माणूस दुसऱ्यांदा मोकळेपणाने बघतो. आणि बऱ्याचदा ग्रह सरकलेला असतोच.

मुलांसाठी बसका, न डगमगणारा स्टूल हवाच. उचलून धरलेलं मूल हलत राहतं, त्याला काही दिसत नाही. स्टुलाची पाठ किंवा दुसरी खुर्ची त्याच्या हाताशी द्या, नाहीतर ते नळीलाच धरणार. चाकाच्या खुर्चीतून कुणी आलं आणि आयपीस उंच असला, तर पाठीमागून बघायच्या लहान भिंगाच्या दुर्बिणीचा उपयोग होतो. म्हणून जमल्यास ती सोबत ठेवा. डोळे आल्याची साथ असेल तर तो बेत पुढे ढकला. एरवी मऊ कापडाने आयपीसची रबरी कड अधूनमधून पुसत राहा, काच नाही.

आधी बघू द्या, मग बोला

सुरुवातीला मी रांगेतल्या लोकांना ग्रहाचा व्यास, अंतर, उपग्रहांची संख्या सगळं आधीच सांगून टाकायचो. एकदा सात-आठ वर्षांची एक मुलगी मध्येच म्हणाली, "काका, मला आधी बघू दे ना." तेव्हापासून क्रम बदलला. बोलावताना फक्त "शनी बघायचाय का? पैसे वगैरे काही नाहीत" एवढंच. दुसरं वाक्य आवर्जून म्हणावं, कारण काहीतरी विकायचं असणार या शंकेनेच बरेच जण वळसा घालून जातात.

माणूस आयपीसवर असताना गप्प राहा. त्याने डोळा काढून तुमच्याकडे बघितलं की मग एक गोष्ट सांगा, एकच. शनीवरून निघालेला प्रकाश इथे पोहोचायला तासाहून जास्त वेळ घेतो, म्हणजे तुम्ही आत्ता बघितलात तो मघाचा शनी. चंद्रावरून तोच प्रकाश सव्वा सेकंदात येतो. एवढं पुरे. पुढचं लोक स्वतः विचारतात.

एक प्रश्न ठरलेला: "चंद्रावरचा झेंडा दिसतो का?" दिसत नाही. आपल्या दुर्बिणींना चंद्रावरची किलोमीटर-दोन किलोमीटरहून लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही. पण 1969 साली अपोलो 11 जिथे उतरलं तो शांतिसागर चांगला दिसतो, तो काळपट सपाट भाग बोटाने चंद्राकडे दाखवून सांगा. दुर्बिणीत दिशा उलटतात हेही तेव्हाच सांगावं लागतं. उत्तर माहीत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणा. लोकांना त्याचं वाईट वाटत नाही.

मोबाइलवर फोटो काढू द्या, पण डोळ्याने बघून झाल्यावर. चंद्राचा फोटो मोबाइल आयपीसवर धरूनही छान येतो. ग्रहाचा सहसा पांढरा ठिपका येतो, त्यामुळे तिथे आग्रह धरू नका. नुसती रांग खोळंबते.

निघताना प्रत्येकाला दुर्बिणीच्या नळीच्या रोखाने वर बघायला लावा आणि तो ग्रह नुसत्या डोळ्यांनी ओळखून घ्यायला सांगा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे 10 अंश व्यापते. "उद्या याच वेळी गच्चीवरून बघा, क्षितिजापासून तीन मुठी वर." काही लोकांनी तो चमकता ठिपका वर्षानुवर्षं पाहिलेला असतो, तो शनी आहे हे त्यांना त्या रात्री कळतं.

आवरताना दव पडलेला आरसा किंवा भिंग पुसायचं नाही. झाकण लावून घरी न्यायचं आणि घरात उघडं ठेवून वाळू द्यायचं. पण झाकण सगळ्यांत शेवटी लावा. स्टूल उचललेला बघूनही "संपलं का?" विचारत कुणीतरी लांबून चालत येतंच.