सोलापुरात राहून इंग्लंडच्या सॉलिसिटर परीक्षेचा अभ्यास

एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्याची परीक्षा) द्यायची ठरवलंत की बार रूममध्ये पहिला प्रश्न हमखास येतो, "म्हणजे बॅरिस्टर होणार का मॅडम?" नाही. वरच्या कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणं हा तिकडे मुख्यतः बॅरिस्टरचा प्रांत. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, कागद करतो, खरेदी-विक्री तडीला नेतो, दाव्याची बांधणी करतो. दुसरा प्रश्न, "त्याचा इथं काय उपयोग?" त्याचं उत्तर ज्याचं त्यानं शोधावं. माझ्याकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदाराचे करार यायला लागले. त्यातल्या काहींच्या शेवटी एक ओळ असायची, वाद झाला तर इंग्लंडचा कायदा लागू. नुसतं "बघू" म्हणून सही करू देणं मला पटेना. तिथून हे सुरू झालं. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला काम करते, शाळा मराठी माध्यमातली, तेव्हा पुढचं सगळं त्या जागेवरून वाचा.

आधी परीक्षेचा सांगाडा. ही परीक्षा 2021 पासून सुरू झाली. नियम सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे, परीक्षा घेते कॅप्लान ही कंपनी. पहिला टप्पा एसक्यूई-1: एफएलके-1 आणि एफएलके-2 (एफएलके म्हणजे फंक्शनिंग लीगल नॉलेज, कायद्याचं कामापुरतं ज्ञान) असे दोन पेपर, प्रत्येकी 180 प्रश्न. एका पेपरला एक दिवस, त्यात 90-90 प्रश्नांची दोन सत्रं, प्रत्येक सत्र 2 तास 33 मिनिटांचं. म्हणजे एका प्रश्नाला 1.7 मिनिटं. पाच पर्यायांतला सर्वांत योग्य निवडायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. आणि पुस्तक उघडायची सोय नाही. एआयबीईला (आपल्या अखिल भारतीय बार परीक्षेला) बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं मूळ पुस्तक, घेऊन बसायची सवय झालेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नोव्हेंबर 2021 च्या पहिल्याच परीक्षेत 53 टक्के पास झाले होते, यावरून पाणी किती खोल आहे ते कळेल. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात, त्यामुळे "एकदा बसून तर बघू" हा आपल्याकडचा आवडता प्रकार इथे परवडत नाही.

पहिल्या पेपरात करार, टॉर्ट (कराराबाहेरच्या नुकसानीची दिवाणी जबाबदारी), दाव्यांची कार्यपद्धती, कंपनी-व्यवसाय, घटनात्मक आणि प्रशासकीय कायदा, न्यायव्यवस्था. दुसऱ्यात जमीन, मालमत्तेचे व्यवहार, मृत्युपत्र आणि वारसा, ट्रस्ट, फौजदारी कायदा आणि कार्यपद्धती, सॉलिसिटरचे हिशेब. व्यावसायिक नीतीचे प्रश्न वेगळे नाहीत, ते सगळीकडे पेरलेले असतात. पूर्ण अभ्यासक्रम अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्याची प्रिंट काढा, बाइंडिंग करून घ्या आणि कुठलंही पुस्तक उघडण्याआधी तो वाचा. त्यातच लिहिलंय की खटल्यांची नावं पाठ असण्याची गरज नाही, जिथे तत्त्वच त्या नावानं ओळखलं जातं तेवढी सोडून. सायटेशनवर, म्हणजे निकालांच्या दाखल्यांवर, पोसलेल्या आपल्या पिंडाला हे पचत नाही. पण पाचशे खटले घोकण्यात जाणारे महिने वाचतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आपल्याला वाटतं, आपले मूळ कायदे इंग्रजांनीच करून ठेवलेत, तेव्हा निम्मा अभ्यास झालेलाच आहे. सर्वांत जास्त गुण हा समजच खातो. जे आपल्याला अजिबात येत नाही ते आपण मुकाट्यानं शिकतो. जे येतं असं वाटतं, तिथे हात आपोआप जुन्या उत्तराकडे जातो. कितीतरी प्रश्नांत आपल्या कायद्यानं अगदी बरोबर ठरेल असा एक पर्याय समोर बसलेला असतो. म्हणून एक जाडजूड वही घ्या. डाव्या पानावर आपला कायदा, उजव्या पानावर त्यांचा, आणि फक्त जिथे दोन्ही फुटतात तेवढंच लिहायचं. सारखं असेल ते लिहायचंच नाही. कारण मराठीत लिहा, नियम इंग्रजीत.

सुरुवात करारापासून करा. आपल्या 1872 च्या कायद्यात मोबदला वचन घेणाऱ्यानंच द्यावा असं नाही, कलम 2(ड) मध्ये "किंवा अन्य व्यक्तीनं" असं आहे. तिकडे मोबदला वचन घेणाऱ्याकडूनच यावा लागतो. तिऱ्हाइताला हक्क मिळतो तो 1999 च्या वेगळ्या कायद्यानं, तोही अटींवर. आधी करून झालेल्या कामाचा मोबदला आपल्याकडे चालतो, तिकडे सर्वसाधारणपणे नाही. अज्ञानाचा, म्हणजे वयात न आलेल्याचा, करार आपल्याकडे 1903 च्या मोहरी बीबी खटल्यापासून मुळातच शून्य. तिकडे जीवनावश्यक वस्तूंचा आणि त्याच्या फायद्याच्या नोकरीचा करार त्याला बांधतो. ही दोन-तीन पानं लिहून झाली की वहीचा उपयोग कळतो.

जमीन हा आपला हातखंडा, आणि म्हणूनच तिथे सर्वांत जास्त सांभाळायला हवं. आपण सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, तीस वर्षांचा सर्च यात मुरलेले. सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे, महसुली नोंद, हे आपण पक्षकाराला रोज सांगतो. तिकडे नोंदणीकृत जमिनीत रजिस्टर हीच मालकी, आणि त्यात चूक निघून कुणाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडे तोंडी साठेकरारावरसुद्धा विशिष्ट पूर्ततेचा (ठरलेला व्यवहार पुरा करून घेण्याचा) दावा लागतो, साक्षीपुराव्याचं काय व्हायचं ते पुढं. तिकडे 1989 पासून जमिनीचा करार लेखी, सगळ्या अटी एकाच कागदात आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय करारच नाही. आपण म्हणतो बारा वर्षं कब्जा. तिकडे नोंदणीकृत जमिनीवर दहा वर्षांनंतर अर्ज करता येतो, पण मूळ मालकाला नोटीस जाते आणि त्यानं हरकत घेतली की बहुतेक अर्ज तिथेच संपतो. त्यात भर इक्विटीतल्या, म्हणजे कागदोपत्री मालक दुसराच असला तरी न्यायबुद्धीनं मानल्या जाणाऱ्या, हितसंबंधांची. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 नं साठेखतातून कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. तिकडे तो होतो आणि अख्खा ट्रस्टचा विषय त्याच पायावर उभा आहे. जमीन आणि ट्रस्ट एकापाठोपाठ वाचा, मध्ये दुसरा विषय घालू नका.

वारसा घ्या. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता वारला की त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता विधवा, मुलं आणि आई यांच्यात जाते. आई पहिल्या वर्गात आहे. तिकडे पती किंवा पत्नी आणि मुलं मागे असतील तर जोडीदाराला घरातल्या वस्तू, पहिले 3,22,000 पौंड (हा आकडा जुलै 2023 पासूनचा) आणि उरलेल्याचा निम्मा भाग. बाकी मुलांना. आईला काहीच नाही. मुलं नसतील तर सगळंच जोडीदाराला, तरी आई बाहेरच. मनाला लागतं, पण उत्तर तेच. मृत्युपत्राला दोन साक्षीदार दोन्हीकडे लागतात. आपल्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 मध्ये दोघं एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, तिकडे मृत्युपत्र करणाऱ्यानं सही करताना किंवा सही कबूल करताना दोघं एकत्र हजर हवेत. लग्न केलं की तिकडचं आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, हिंदूचं होत नाही. शिवाय मृत्यूनंतरचा कर. आपल्याकडे 1985 साली गेला, तिकडे 3,25,000 पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर साधारण 40 टक्के आहे. त्याची गणितं परीक्षेत येतात.

दाव्याच्या मुदती नुसत्या पाठ करा, विचार करत बसू नका. कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) आपण तीस दिवस म्हणतो, मनात नव्वद धरून चालतो. तिकडे दाव्याचा तपशील बजावल्यापासून 14 दिवस, आधी दावा मिळाल्याची पोच दाखल केली असेल तर 28. कराराच्या दाव्याला आपली तीन वर्षं, त्यांची सहा. शारीरिक इजेला मात्र तिकडे तीन. फौजदारीत आपल्याकडे चोवीस तासांच्या आत आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर. तिकडे गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंट दर्जाचा अधिकारी स्वतःच 36 तासांपर्यंत वाढवू शकतो, त्यापुढे 96 तासांपर्यंत मॅजिस्ट्रेट. हा सुपरिंटेंडंट म्हणजे आपले जिल्ह्याचे एसपी साहेब नव्हेत.

टॉर्ट बऱ्यापैकी सारखं, फक्त रायलंड्सच्या (आपल्या जागेतली घातक गोष्ट निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर चूक नसतानाही जबाबदारी, या नियमाच्या) बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1986 साली एम. सी. मेहता खटल्यात धोकादायक उद्योगांपुरते सगळे अपवाद काढून टाकले, तिकडे ते शाबूत आहेत. घटनात्मक कायद्यात केशवानंद खटला विसरायचा. तिथलं न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही, मानवी हक्कांशी विसंगत आहे एवढं जाहीर करू शकतं. कंपनी कायदा ज्यानं कधी केलाय त्याला जड नाही. हिशेबाच्या विषयाला मात्र वकील मंडळी घाबरतात. बी.कॉम. झालेल्यांना तो फुकटचे गुण देतो. पक्षकाराचे पैसे आणि ऑफिसचे पैसे यांची खाती वेगळी, आणि कुठली नोंद कुठल्या खात्यात, एवढाच जीव आहे. बी.ए. वाल्यांनी एखाद्या कर सल्लागार मित्राकडे चार संध्याकाळी बसावं.

वाचनापेक्षा प्रश्न सोडवण्यात जास्त वेळ घाला. व्याख्यानांचे महागडे कोर्स मला तरी उधळपट्टी वाटतात, चांगल्या प्रश्नसंचावर मात्र पैसे खर्च करा. संकेतस्थळावरचे मोफत नमुना प्रश्न शेवटासाठी राखून ठेवा, कारण खऱ्या प्रश्नाची चाल त्यांतच सापडते. प्रश्न वाचताना आधी शेवटची ओळ, मग वरची हकिकत. मराठी माध्यमाच्या मुलांना कायदा येतो, इंग्रजी हकिकत वाचायला वेळ लागतो. त्यावर एकच उपाय, रोज घड्याळ लावून 90 प्रश्नांचं निदान अर्धं सत्र. उत्तर चुकलं तर का चुकलं ते एका ओळीत लिहा. "भारतीय उत्तर दिलं" असा शेरा किती वेळा येतो ते बघाच.

तारीख निवडताना सोलापूरचं पंचांग बघा. एसक्यूई-1 जानेवारीत आणि जुलैत असते. जानेवारीची तारीख म्हणजे ऐन गड्ड्याची, सिद्धेश्वराची संक्रांतीतली, यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे, घरी पाहुणे. "अक्षतेला येणार नाहीस?" असं आजीनं विचारल्यावर ट्रस्टचा कायदा डोक्यात राहत नाही. शहराच्या मध्यात राहत असाल तर जुलै घ्या. मग उन्हाळा आडवा येतो, पण मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते आणि तारखा नसतात. तेवढा सलग वेळ वर्षात पुन्हा मिळत नाही. पहाटे चार ते नऊ हीच अभ्यासाची वेळ, दुपारी चव्वेचाळीस अंशांत फार तर वही चाळा. घरात जागा नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच. ज्युनियर असाल तर सीनियरना आधीच सांगा, मे-जूनमध्ये नवी कामं अंगावर घेऊ नका.

खर्चाचा विचार पहिल्या दिवशीच करा. सप्टेंबर 2024 पासून पहिल्या टप्प्याची फी 1,888 आणि दुसऱ्याची 2,902 पौंड होती, त्यात वेळोवेळी वाढ होत असते. तेव्हाच्या दरानं दोन्ही मिळून पाच-साडेपाच लाख रुपये होत, पुस्तकं, प्रवास, व्हिसा वेगळे. पहिला टप्पा भारतात पिअर्सन व्ह्यूच्या संगणक केंद्रावर देता येतो, पण त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. नोंदणी उघडताच केंद्र पकडा. दोन पेपरांत काही दिवसांचं अंतर असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी दोन्ही तारखा हातात असू द्या. आणि पास झालं म्हणजे व्हिसा किंवा नोकरी मिळाली असं नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

सनदधारक वकिलांना दोन वर्षांच्या उमेदवारीची अट लागत नाही. अनुभव असेल तर एसक्यूई-2 मधून सूटही मागता येते, तेव्हा दुसऱ्या टप्प्याची फी भरण्याआधी तो अर्ज करून बघा. सूट नाही मिळाली तर 16 कामं, त्यातली चार तोंडी, आणि तोंडी परीक्षेला तिकडेच जावं लागतं. त्यातली पक्षकाराची मुलाखत आपल्या लोकांना जड जाते. दहा मिनिटं तयारी, 25 मिनिटं मुलाखत, आणि गुण देतो तो समोर पक्षकार म्हणून बसलेला माणूसच. आपण पक्षकार आला की "बसा, कागद काढा" म्हणतो आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून कलम सांगतो. कारण बाहेर अजून आठजण बसलेले असतात. तिथे त्याला काय हवंय, त्याला कशाची भीती वाटतेय, हे आधी विचारावं लागतं. सराव ऑफिसातच करा. एक-दोन पक्षकारांना पहिली दहा मिनिटं न अडवता बोलू द्या, मग त्यांचं म्हणणं त्यांनाच थोडक्यात परत सांगा. तोंडी युक्तिवादाला 45 मिनिटं तयारी आणि 15 मिनिटं बोलणं. तिथे आपली कोर्टाची सवय उपयोगी पडते, आवाज तेवढा खाली आणा.

कागदपत्रं मात्र आजच काढून बघा. सनद, पासपोर्ट आणि परीक्षेची नोंदणी यांत नाव एकसारखं हवं. सनदेवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नवऱ्याचं, आडनाव एकीकडे आधी आणि एकीकडे शेवटी, असा घोळ आपल्याकडच्या लग्न झालेल्या मुलींच्या कागदांत सर्रास असतो. केंद्रावर ओळखपत्राचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती फी भरण्याआधी उरकून घ्या. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं (सनद चालू आहे, कारवाई नाही असं) पत्रही त्याच वेळी मागून ठेवा.