झेब्रा हावर्थिया की कोरफडीचं पिल्लू?

झेब्रा हावर्थिया म्हणजे जाड पानांचं, पांढऱ्या पट्ट्यांचं छोटं रोप. नर्सरीत ते आणि कोरफडीचं पिल्लू शेजारी ठेवलेली असतात आणि लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. पानाच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा. दातेरी, टोचरी कड लागली तर कोरफड. कड जवळजवळ गुळगुळीत आणि पानाच्या पाठीवर पांढरे उंचवटे, अगदी नखाला जाणवतील असे, ओळीने असतील तर हावर्थिया. कोरफडीच्या पिल्लावरही पांढरे ठिपके असतात, पण ते नुसते रंगाचे. बोटाला लागत नाहीत. हावर्थियाच्याही दोन जाती दिसतात: हे उंचवटे पानाच्या आतल्या बाजूलाही असतील तर तो ‘अटेन्युएटा’, आतली बाजू गुळगुळीत असेल तर ‘फॅसिआटा’. बाजारात बहुतेक वेळा पहिलाच असतो, पाटी काहीही असो.

ओळख पटणं महत्त्वाचं, कारण कोरफडीला भरपूर ऊन हवं आणि हावर्थियाला सकाळचं कोवळं. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ठेवलात तर हावर्थियाची पानं तांबूस पडून आक्रसतात.

साताऱ्यात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की हवाच ओली असते, कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही. या काळात रोप पत्र्याखाली किंवा खिडकीत आत घ्या. नुसती काळी माती तर मुळीच नको. ती पाणी धरून बसते. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे घ्या. पाणी द्यायच्या आधी अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून पाहा. माती चिकटून आली तर थांबा. बुंध्याजवळचं पान पारदर्शक, पिळपिळीत दिसलं तर त्याच दिवशी रोप उपटून कुजकी मुळं कापा आणि तीन-चार दिवस सावलीत वाळवून मगच कोरड्या मिश्रणात लावा.