छोट्या रायफलीने काय मारावं, काय सोडावं

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत बिळं पोखरणाऱ्या प्राण्यांवर छोटी रायफल चालते. पण आधी प्राण्याचा आकार आणि अंतर बघा, काडतूस नंतर.

.२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाची ४० ग्रेन वजनाची (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळी सेकंदाला साधारण १२०० फूट जाते. तिने ग्राउंड स्क्विरल (बिळात राहणारी खार) किंवा ससा मारावा, तोही ७५ यार्डांच्या आत. त्यापुढे गोळी भराभर खाली येते. कडक जमिनीवर आपटली तर भलतीकडे उसळते. मागे मातीचा उंचवटा नसेल तर चाप ओढायचा नाही.

प्रेअरी डॉगसाठी (हाही बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) .१७ एचएमआर हे काडतूस बरं: गोळी १७ ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे २५५० फूट, मारा १५० यार्डांपर्यंत. फक्त वाऱ्यापुढे या गोळीचं काही चालत नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा १०० यार्डांवरच तीन-चार इंच ढकलतो.

कायोटीवर (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) ही दोन्ही काडतुसं नकोत. हलकी गोळी पुरेशी आत जात नाही आणि जनावर जखमी होऊन पळतं. तिथे .२२३ रेमिंग्टन हे जास्त जोराचं काडतूस घ्या.

यूटा प्रेअरी डॉग संरक्षित आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांना शिसं बाधतं.