पालेभाजीसाठी शेणखत झाकून कुजवा

मेथी, पालक, कोथिंबीर आपण पानांसाठीच लावतो, आणि पान पोसतं ते नत्रावर, म्हणजे नायट्रोजनवर. उकिरडा उघडा राहिला की नेमकं तेच जातं: उन्हात अमोनिया होऊन उडतं, पावसात पालाशासोबत (पोटॅश) वाहून जातं. ढिगाखालून तपकिरी पाणी झिरपताना दिसलं, तर खताचा जीवच चाललाय. ढीग उंचवट्यावर, सावलीत घाला. मातीने लिंपा किंवा ताडपत्री टाका, आतली ओल मात्र टिकवा. गोमूत्रात नत्र भरपूर असतं, ते गटारात सोडताना पाहवत नाही. जनावरांखाली काडीकचरा अंथरा आणि भिजला की ढिगावर टाका. 4-6 महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं. ताजं शेण वाफ्यात नकोच. तणाचं बी येतं, मुळं खाणारी हुमणी अळी येते, शेणातले जंतू पानांना लागतात, आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो.